नेते घडवणाऱ्या शाळा बघायला: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

आमच्या ओतूरच्या शाळेत पालक संघाने ठरवलं, की मुलांमधून उद्याचे नेते घडवायचे. टाळ्या झाल्या, पण म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणालाच सांगता येईना. मी फिरते आणि फिरलेलं इथे लिहिते, शिवाय माझी थोरली बहीण सुजाताताई बदलापूरला राहते. म्हणून तिकडच्या शाळा बघून यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. किल्ले-लेणी सोडून शाळा बघायला निघायचं, याची मला गंमतच वाटत होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच भरल्या होत्या. सकाळची एसटी माळशेज उतरून मुरबाडमार्गे कल्याणला जाते. खिडकीची जागा धरा, डोंगर अजून पुरते वाळलेले नसतात. कल्याणहून शेअर रिक्षाने उल्हासनगर, कॅम्प तीन. तिथे पोचल्यावर आधी दाल-पकवान खा. पकवान म्हणजे खुसखुशीत तळलेली मैद्याची पुरी, वर चण्याची डाळ, चटणी, कांदा. फार पैसे पडत नाहीत आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. पुढच्या गल्ल्यांमधून जीन्सचे गठ्ठे लादलेल्या स्कूटर अंगावर येतात, तेवढं सांभाळा.

ओळखीतून ठरलेली पहिली शाळा तिथेच होती. बाहेरून आलेले प्रशिक्षक नववीचा ‘लीडरशिप’चा तास घेत होते. मुलं ब्लेझर घालून रांगेत उभी. हात कसा मिळवायचा, बोलताना नजर कुठे ठेवायची, स्टेजवर कसं चालायचं, सगळं बसवलेलं. नाटकाच्या तालमीसारखं छान चाललं होतं. तास संपल्यावर मी एका चुणचुणीत मुलीला विचारलं, तुला संधी मिळाली तर शाळेत काय बदलशील? तिने आधी सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, “वो सर बताएंगे ना.”

तिथून रिक्षा बदलत अंबरनाथ. दुपारच्या उन्हात शिवमंदिर बघितलं. काळ्या दगडावरचं कोरीवकाम इतकं दाट, की मान दुखते. शेजारच्या वालधुनी नदीचा वास मात्र सोसावा लागतो. दुसरी शाळा मराठी माध्यमाची. मुख्याध्यापिका मोकळ्या स्वभावाच्या. पूर्वी वर्गात मतदान व्हायचं, पण मुलं भांडायची, पालक भांडायचे, म्हणून आता ज्याला गुण जास्त तोच प्रतिनिधी, असं त्यांनी सांगितलं. आणि तो करतो काय? वर्ग शांत ठेवतो. चहा चांगला होता. मी जास्त काही विचारलं नाही.

माझी खरी आशा बदलापूरवर होती. ताईची मुलगी प्रज्ञा कात्रपच्या एका शाळेत दहावीला. तिच्या शाळेत खरोखरची निवडणूक झाली होती, आणि ती भरघोस मतांनी विद्यार्थी प्रतिनिधी झाली होती. विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमांत लहानपणापासून भाषणं केलेली पोर. तिच्याकडून सगळं समजून घ्यायचं, असं मी मनात ठरवून गेले होते.

ताईच्या घरी पोचले तर वेगळंच प्रकरण निघालं. जेवताना भाऊजींनी सांगितलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी पुरत नाही, म्हणून मधल्या सुट्टीनंतर त्याला कुलूप लागतं. मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. प्रज्ञाने दोनदा मुख्याध्यापकांना सांगितलं. मग परवा प्रतिनिधींचा शपथविधी झाला, संस्थेचे अध्यक्ष आले होते, आणि हिने शपथ घेऊन झाल्यावर माइकवरून तेच सांगितलं. माइक बंद झाला. तरी ती वाक्य पूर्ण करूनच खाली उतरली. आता उद्या पालकांना बोलावलं होतं.

“मी चुकीचं काय बोलले, मावशी?” तिने मला विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही.

सकाळी तिच्याबरोबर आम्ही तिघं गेलो. मुख्याध्यापक ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू गेली. तिने वर्गात माफी मागावी, विषय संपेल. मी मध्ये बोलले. पाण्याचं काय करणार, ते आधी सांगा, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे न बघता भाऊजींना विचारलं, “दहावीचं वर्ष आहे ना हिचं?”

भाऊजी अंबरनाथच्या कारखान्यात युनियनच्या सभेत बोलणारे गृहस्थ. ते प्रज्ञाला म्हणाले, “बाळा, माग माफी.”

वर्गाच्या दारात आम्ही उभे होतो. प्रज्ञा फळ्यासमोर उभी राहून सॉरी म्हणाली. मुख्याध्यापकांनी वर्गाला विचारलं, हिला हे बोलायला कुणी सांगितलं होतं? आणखी कुणाची तक्रार आहे? तिला मतं देणारा वर्ग तोच. एकही हात वर आला नाही. तिची जिवलग मैत्रीण शर्वरी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. प्रज्ञा तिच्याकडे पाहत राहिली आणि मग जागेवर जाऊन बसली. तिचं प्रतिनिधीपद त्याच दिवशी गेलं.

संध्याकाळी ताईने मला शिरगावकडे फिरायला नेलं. नव्या इमारती, वडापावच्या गाड्या, मोकळी हवा. मला काही दिसत नव्हतं. भाऊजी घरीच बसून राहिले होते.

तुम्ही या बाजूला येणार असाल तर देऊळ बघा, दाल-पकवान खा, कल्याण-बदलापूर रस्त्यावर वाहतूक तुंबते म्हणून वेळ हाताशी ठेवा. शाळांबद्दल मी काही सुचवू शकत नाही.

ओतूरला परतल्यावर पालक संघाच्या बैठकीत सगळं सांगितलं. प्रज्ञाचं सांगताना लोक हळहळले. मग अध्यक्षांनी विचारलं, ते ब्लेझर कुठे शिवून मिळतात? त्यावर चर्चा बराच वेळ चालली. आमच्या शाळेत मुलींना दिवसभर पाणी असतं का, हे मी विचारलं, तेव्हा तो विषय पुढच्या बैठकीत घेऊ असं ठरलं.

काल प्रज्ञाला फोन केला. अभ्यास चांगला चाललाय म्हणाली. शाळेने आता निवडणूक न घेता शर्वरीला प्रतिनिधी नेमलंय. तुला राग नाही आला, मी विचारलं.

“नाही गं मावशी, तिला जमेल. मी तिला सगळं समजावून सांगितलंय.”

“काय सांगितलंस?”

“पाण्याचं काही बोलू नकोस म्हणून.”