जावेनं सोडवलेली सिगरेट

माझे सासरे घशाच्या कॅन्सरनं गेले. शेवटचे चार महिने त्यांना पेजही गिळवत नव्हती. ती चमच्याचमच्यानं पाजणारी मी होते. त्यांना अग्नी देऊन घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर अंगणात उभं राहून सिगरेट पेटवली.

आमच्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावात आमची कोबी-गाजराची शेती होती. सकाळच्या धुक्यात हे कुठे वाकलेत ते मला खोकल्यावरून कळायचं. दिवसाला दोन पाकिटं. अकरा वर्षं मी यांच्या मागे लागले होते. रडले, अबोला धरला, मुलांच्या शपथा घातल्या, पाकिटं तांदळाच्या डब्यात लपवली. हे दुकानातून दुसरं घेऊन यायचे.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं. जाऊ व्हाकोआ गावची, तिथल्या इस्पितळात नर्स. संसारही तिकडेच थाटला. रविवारी दोघं बसनं आमच्याकडे जेवायला यायची.

अशाच एका रविवारी जेवताना यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर जावेनं विचारलं, "दादा, सकाळची पहिली सिगरेट चहाच्या आधी की नंतर?"

"आधी," हे म्हणाले. असलं काही यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"ती पहिली थोडी पुढे ढकलून बघा. बाबांना झालं म्हणून तुम्हाला होईलच, असं काही ठरलेलं नाही. सिगरेट सोडली की धोका वर्षागणिक कमी होत जातो. उशिरा सोडली तरीही."

एवढंच बोलली आणि तिनं भात वाढून घेतला. महिन्याभरात यांनी सिगरेट सोडली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण मला आठवतो तो जळफळाट. रविवारी जाऊ उंबऱ्यात चपला काढते न काढते तोच हे सांगायचे, "आज बावीस दिवस!" त्याच घरात तेच बावीस दिवस मीही काढले होते. मला कुणी आकडा सांगितला नव्हता.

मग ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली. म्हणजे आत आली नाही, पण तिचं बोलणं आलं. रम कमी करा, खारवलेली मासळी रोज नको, सगळ्यांनी पालेभाजी भरपूर खा. पालेभाजीला आम्ही ब्रेद म्हणतो. लग्न झाल्यापासून मी ब्रेद शिजवत होते आणि हे ताट बाजूला सारत होते. आता हेच विचारायचे, "आज ब्रेद नाही केली?"

दिसायलाही ती बरी होती. पण माझ्या मनात तसला संशय कधी आला नाही. तसला संशय परवडला असता. तिचं ऐकलं आणि माझं ऐकलं नाही, हे मला सहन होत नव्हतं.

सहाव्या आठवड्यात हे फार चिडचिडे झाले. एका सकाळी मी दुकानात गेले, एक पाकीट विकत घेतलं आणि यांच्या शेतावरच्या कोटाच्या खिशात ठेवलं. ज्या बाईनं सासऱ्यांना पेज पाजली, तिनंच हे केलं.

दुपारी हे घरी आले आणि पाकीट माझ्यासमोर ठेवलं. त्यात एक सिगरेट कमी होती.

"हे तू ठेवलंस?"

मी होकारार्थी मान हलवली.

"का?"

"तिच्या एका शब्दावर सोडलीत. माझी अकरा वर्षं काय पाण्यात गेली?"

यांनी पाकीट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तू सांगायचीस तेव्हा रडायचीस. तू रडलीस की मला बाबाच दिसायचे. मग भीती वाटायची, आणि भीती वाटली की सिगरेट लागायची. ती बोलली तेव्हा वाटलं, हे जमण्यासारखं आहे."

पुढच्या रविवारी यांनी जावेला सांगितलं, "मोह झाला, एक पाकीट घेतलं. एक ओढली." माझं नाव घेतलं नाही. ती हसून म्हणाली, "एकच ना? मग आजपासून परत." मला तिचा आणखीच राग आला. तिला रागावताही येत नव्हतं.

त्यानंतर यांनी सिगरेटला हात लावला नाही. दोनेक वर्षांत खोकलाही गेला. नात्यातली माणसं म्हणायची, धाकट्या सुनेनं घर वाचवलं. मी चहा गाळत ऐकायची.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. जाऊ एकदा परसात माझ्याबरोबर ब्रेद खुडत होती. मधेच म्हणाली, "जाऊबाई, माझ्या वडिलांना तुम्ही सांगाल का? अजून ओढतात. माझं एक अक्षर ऐकत नाहीत. सांगायला गेले की मला रडू येतं."

मी व्हाकोआला गेले. म्हातारे व्हरांड्यात बसले होते, शेजारी सिगरेटचा डबा. मी रडले नाही. सासऱ्यांचे शेवटचे चार महिने सांगितले, चमचा किती भरायचा, अर्धा घोट जायला किती वेळ लागायचा, सगळं. मग हेही सांगितलं, की माझ्या नवऱ्यानं सोडली आणि आता ते चढावर न थांबता चालतात.

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा, पोरी. असं कुणी सांगितलं नव्हतं."

जाऊ दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कितीतरी वर्षं ती हेच त्यांना सांगत आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ घट्ट मिटलेले होते. ट्रे तिनं जरा आपटूनच ठेवला.

उठून तिला जवळ घ्यायला हवं होतं, ते कळत होतं मला. मी खुर्चीतच बसून राहिले. चहा फार गोड लागला.