गरम इंजिनाचा काटा

मिस्त्री इंजिनातलं ऑइल दोन बोटांवर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, नाकाशी न्यायचा, आणि बोटं पँटला पुसून त्याच हातानं तर्रीपोह्यांची प्लेट उचलायचा. मला शिसारी यायची. "हात तरी धू," म्हटलं तर म्हणायचा, "ऑइल घाण नसते गा, माणूस असते." तो मजेत खायचा आणि माझा चहा घशाखाली उतरत नसे.

मी जुन्या गाड्यांचा धंदा करतो. सीताबर्डीत दुसऱ्यांच्या गाड्या पुसण्यापासून सुरुवात केली. मला कुणी फुकट काही दिलं नाही, मीही कुणाला देत नाही. समोरच्याचा चेहरा वाचून भाव ठरवायचा, ही माझी विद्या. मिस्त्री चेहरा वाचत नसे. तो ऑइल प्रेशरचं मीटर वाचायचा, आणि तेही लगेच नाही. जुनी गाडी सुरू केली की काटा झटकन वर चढतो, गिऱ्हाईक खूश होतं. मिस्त्री तिकडे बघायचाही नाही. इंजिन चालू ठेवून अर्धा तास एखाद्या टायरवर बसून राहायचा. मी चिडलो की म्हणायचा, "काहून घाई करून राहिला? थंड्या इंजिनाचा काटा म्हणजे मांडवातला नवरदेव. ताठ राहीनच. दोन वर्षांनं पाहाव त्याले."

ऑइल तापून पातळ झालं की मग तो वाकायचा. गाडी जागेवर उभी आणि इंजिन हळू चालत असताना काटा थोडा उतरला, तर ते गाडीच्या वयाला धरून. तळाला जाऊन थरथरू लागला, तर आतली बेअरिंगं झिजली.

एकदा एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा काटा एकदम शून्यावर पडला. दुसऱ्या गॅरेजनं इंजिन उतरवायला सांगितलं होतं. मिस्त्रीनं ऑइल पाहिलं, भरलेलं होतं. कान लावला, खडखड नव्हती. आपलं दुसरं मीटर जोडून पाहिलं, प्रेशर ठीक. मग इंजिनापासून काट्याकडे जाणारी सैल वायर खोचली आणि म्हणाला, "जा बाई." एक पैसा घेतला नाही. मी भडकलो.

"वायर खोचल्याचं काय घेऊ?" तो म्हणाला.

"खोचल्याचं नको, कळल्याचं घे."

"कळाले मले काय खर्च आला गा?"

असल्या माणसाशी वीस वर्षं धंदा केला.

मग माझ्याकडे एक जीप आली. गरम झाली की तिचा काटा तळाला लागायचा. बेअरिंगं बदलली असती तर नफा गेला असता. मी आतलं ऑइल काढून जाडं ऑइल भरलं. काटा वर राहू लागला. हे आमच्यात सगळेच करतात.

पारशिवनीचे एक गुरुजी ती पाहायला आले. जुनी गाडी घेणारा आपल्या भरवशाचा मिस्त्री सोबत आणतो. गुरुजींनी आणला तो नेमका माझाच मिस्त्री. मला बरं वाटलं, घरचाच माणूस. तो नेहमीसारखा टायरवर बसला. अर्धा तास झाला, काटा टिकला. तो उठला, जाडं ऑइलही तापून पातळ व्हावं इतकी दूर जीपची चक्कर मारून आला आणि बंद न करता उभी केली. काटा तळाला थरथरत होता.

"गुरुजी, रंग झकास आहे. पण घेऊ नोका. बेअरिंगं गेले, अन् झाकाले जाडं ऑइल टाकलं."

माझ्या तोंडावर. गुरुजी निघून गेले.

"वीस वर्षांची ओळख आपली," मी म्हणालो.

"ओळख तुही-माही. त्यायनं लेकरं कोणाच्या भरोशावर बसवाव हिच्यात? जीप माह्याकडे आण, बेअरिंगं टाकून देतो."

पुन्हा माझ्या आवारात पाय ठेवू नको, असं सांगून मी त्याला हाकललं. आठवड्याभरात तीच जीप भिवापूरच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याला विकली. त्यानं मिस्त्री आणला नव्हता. सकाळी, इंजिन थंड असतानाच, मी सौदा उरकला.

मिस्त्रीशी त्यानंतर बोललो नाही. मोडलेल्या सौद्याचा राग होता, आजही आहे.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. तेराव्याला मी गेलो, लोक काय म्हणतील म्हणून. पंगतीत शेजारी तोच भिवापूरचा व्यापारी येऊन बसला. तो सांगू लागला, जीपचं इंजिन महिन्याभरात उमरेड रोडवर जाम झालं होतं. ती ओढून त्यानं योगायोगानं मिस्त्रीकडेच आणली. मी पानातून मान वर केली नाही. शिव्यांची वाट पाहत होतो.

"मी त चार मानसं घेऊन तुमच्या घरी येनार होतो," तो म्हणाला. "मिस्त्रीनंच थांबवलं. म्हने, त्याले काय मालूम? काटा त्यालेही फसवून गेला."

वीस वर्षांत मी मिस्त्रीला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलला ते माझ्यासाठी, आणि मला न विचारता. जिवंत असता तर गॅरेजमध्ये जाऊन भांडलो असतो, कुणी सांगितलं होतं म्हणून.

"तुमाले खरंच मालूम नव्हतं ना जी?" व्यापाऱ्यानं विचारलं.

समोर पाटावर मिस्त्रीचा हार घातलेला फोटो होता. त्याचा मुलगा पानं वाढत आमच्यापर्यंत आला होता. खरं सांगितलं असतं तर त्याच्यादेखत त्याच्या बापाला खोटारडा ठरवावं लागलं असतं. मला तेवढं निमित्त पुरलं.

"नव्हतं," मी म्हणालो, आणि पंगत संपायच्या आधीच उठलो.