सहाची जीप

माझं माहेर देवळ्याकडचं, कांद्याचं. कांदा चाळीत महिनोन्‌महिने थांबतो. लग्न होऊन मी नाशिकजवळच्या, दिंडोरी रस्त्यापासून जरा आत असलेल्या गावात आले, तेव्हा कळलं की फूल दुपारपर्यंतही थांबत नाही. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सासूबाई झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब लावायच्या आणि रोज पहाटे टोपल्या घेऊन पंचवटीत विकायला जायच्या. माझं बी.ए. अर्धवट राहिलं होतं. हळद उतरली नव्हती तोच त्या म्हणाल्या, "कॉलेजात नाव घाल. माझ्यासंगं यायचं, माझ्यासंगं परतायचं. लोकं बोलतील तर बोलू दे."

गावात सरकारी बस येत नव्हती. रस्ता अरुंद, प्रवासी कमी, असं डेपोतून सांगितलं जाई. त्यामुळे सगळा भार एका काळ्यापिवळ्या जीपवर. ती माझ्या चुलत दिरांची. मी त्यांना भाऊजी म्हणायची. माणूस गमत्या. बायकांच्या टोपल्या स्वतः टपावर चढवायचे, वरचं ओलं गोणपाट सरळ करायचे. पण जीप भरल्याशिवाय हलवायची नाही, हा त्यांचा हट्ट. "वहिनी, अजून तिघं येऊ द्या की," म्हणत ते पारावर चहा पीत बसायचे आणि आम्ही आत गुडघ्याला गुडघा लावून. कॉलेजातला पहिला तास मला कधी मिळालाच नाही.

एका दसऱ्याला आम्ही पहाटे टोपल्या भरून उभ्या राहिलो, पण जीप आलीच नाही. भाऊजींना वणीचं भाडं मिळालं होतं, एका कुटुंबाला देवीला घेऊन ते अंधारातच निघून गेले होते. शेवटी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो आणि तिथून कसंबसं पंचवटी गाठली. तोवर लोकांच्या पूजा उरकल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर झेंडूचे ढीग पडले होते आणि आमच्याकडे कुणी बघतही नव्हतं. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघायची, तो दिवस असा गेला. भरल्या टोपल्या तशाच परत घेऊन आलो.

दुपारी भाऊजी दारात जीप धूत होते. सासूबाई टोपली उचलून तिकडे निघाल्या, तशी मी मागे धावले. आता भांडण होणार, असं वाटलं. त्या जीपजवळ खाली बसल्या, सुईदोरा काढला आणि झेंडूची लांब माळ ओवून बॉनेटवर बांधली.

भाऊजी ओशाळले. "काकू, चुकलं माझं."

"तुलाबी घर हाय, बाबा. पर गाडी तुझी असली तरी तिची येळ गावानं ठरवायला पायजे. आता सभेतच बोलू."

पुढच्या ग्रामसभेत बायका पहिल्यांदाच बसल्या. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभं राहून सांगितलं: पहिली गाडी सहाला सुटणार, भरो वा न भरो. तिकीट पंचायत ठरवणार. बदल्यात त्या वेळेला गावातून दुसऱ्या कुणा जीपवाल्यानं सीट भरायच्या नाहीत आणि आम्ही फुलवाल्या दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत पाय ठेवणार नाही.

"काकू, रिकामी गाडी पळवू का मी?" भाऊजींनी विचारलं.

"पळव. थोडे दिस रिकामी जाईल. मग लोकं भरवशानं येतील."

शेजारच्या गावचा एक जीपवाला मागे उभा होता. तो म्हणाला, "त्यांना जमत नसंल तर मी तयार हाय." भाऊजींनी मागे वळून त्याच्याकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "मी कुठं नाय म्हनलो?"

पहिल्या दिवशी आम्ही पाचच जणी होतो. बाकीच्यांना वाटलं, गाडी थांबेलच. सहा वाजले. भाऊजींनी चेहरा सुतकी करून जीप सुरू केली. एक गृहस्थ चहाच्या कपासकट हात हलवत होते. सासूबाई समोर बघत राहिल्या, जीप निघाली. गृहस्थ कप ठेवून धोतर सावरत मागे धावले. पुलाजवळ भाऊजींना राहवलं नाही. त्यांनी वेग कमी केला, गृहस्थांना आत घेतलं आणि म्हणाले, "आज थांबलो. उद्या नाय थांबणार, आण्णा." त्या दिवशी मी पहिल्या तासाला बसले. सरांनी विचारलं, "तुम्ही नवीन का?"

दिवाळी सरता सरता जीप भरून जायला लागली. हायस्कूलच्या मुली आल्या, कारखान्यातले कामगार आले. आधी ज्या मुलींना घरचे शहरात शिकायला पाठवत नव्हते, त्यांच्या आयाच आता त्यांना जीपपर्यंत सोडायला यायच्या. भाऊजींना घड्याळाचं वेडच लागलं. पारावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला ते वेळ सांगत.

पुढे दोन हजारनंतर रस्ता रुंद झाला आणि सिटी बस गावापर्यंत येणार असं ठरलं. भाऊजी आतून खचले होते. सासूबाई त्यांना घेऊनच डेपोत गेल्या. साहेबांनी विचारलं, बस कधी हवी? सासूबाईंनी भाऊजींकडे बोट दाखवलं. "यास्नी इचारा. कुठल्या थांब्याव किती माणूस चढतं, सगळं ह्योच सांगंल." भाऊजींनी सगळ्या फेऱ्यांच्या वेळा सांगितल्या. साहेबांनी त्यातल्या बऱ्याचशा मानल्या.

जीप विकून भाऊजींनी गुलाब लावला. एका सकाळी सहा वाजून गेले तरी कंडक्टर चहाच्या टपरीवरच होता. मागच्या सीटवरून भाऊजी ओरडले, "अहो मास्तर, गावानं ठरवलेली येळ हाय ही!" अख्खी बस हसली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलताना मला दिसत होते. पंचवटी आल्यावर भाऊजींनी आधी सासूबाईंची टोपली उतरवली, मग स्वतःची, आणि दोघं बोलत बोलत बाजाराकडे निघाले.