कृष्णकमळाचा दुसरा हुकूम

सरकारचे हुकूम खुद्द सरकारनेही जेवढे मनावर घेतले नसतील, तेवढे आमच्या दाजींनी घेतले. निजामाच्या मुलखात माझी निम्मीशिम्मी हयात गेली, हरतऱ्हेचे अंमलदार आणि त्यांचे ताबेदार पाहिले, पण लिहिलेल्या कागदापुढे असा मान खाली घालून उभा राहणारा माणूस पुन्हा दिसला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. गेवराईच्या तहसिलीत ते नक्कलनवीस होते. मूळ कागदावरून हुबेहूब नक्कल उतरवायची, खाली 'असल मुताबिक', म्हणजे मुळाप्रमाणे बरोबर, असा शेरा मारायचा आणि सही ठोकायची, एवढंच त्यांचं काम. मी त्याच गावच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मास्तर. वेगळं बिऱ्हाड थाटायचा कंटाळा आला म्हणून बहिणीकडे राहिलो, आणि त्या कंटाळ्याची शिक्षा पुढे आठ वर्षं भोगली.

एकदा तलवाड्याच्या कुणा शेतकऱ्याचा अर्ज नकलेला आला. अर्ज लिहिणाऱ्याला डुलकी लागली असावी, कारण चोरीला गेलेल्या बैलाला त्यात पाच पाय होते. दाजींनी नकलेतही पाचच ठेवले. तहसीलदारसाहेबांनी बोलावून झाडलं, तर हे हात जोडून म्हणाले, "हुजूर, चार पायांचे बैल मी पाहिलेत. पण असलमध्ये पाच आहेत." घरातही तोच कारभार. अक्का एकदा शेजारी हळदीकुंकवाला जाताना सांगून गेली, "मी येईस्तोवर दार उघडू नका, मांजर शिरतंय." मी शाळेतून आलो. चैत्राचं ऊन, घशाला कोरड. दार वाजवलं. आतून दाजी शांतपणे म्हणाले, "कोण, मास्तर? बसा ओट्यावर. अक्का आली न्हाई अजून." मी मांजर नाही हे त्यांना मान्य होतं, पण मी अक्काही नव्हतो. दीड तास बसलो. अशा माणसावर रागवायचं तरी किती! राग येऊन येऊन दमतो आणि शेवटी तोच ओट्यावर बसतो.

तर हे दाजी एका नकलेची साक्ष द्यायला हैदराबादला गेले, आणि आगगाडी पाहायची म्हणून अक्काही बरोबर गेली. तिथे कुणा बड्या अंमलदाराच्या बंगल्यात मांडवावर कृष्णकमळाची वेल फुलली होती. अक्काने असलं फूल जन्मात पाहिलं नव्हतं. मधे पाच पांडव, भोवती शंभर कौरवांची झालर, आणि रंग म्हणे असा निळा की बोट लावलं तर बोटाला लागेल. ती बघतच राहिली. आता दाजींनी लग्नापासून तिच्यासाठी हौसेनं काही आणल्याचं मला आठवत नाही. चोळीचा खणसुद्धा ती सांगेल त्याच रंगाचा, तेवढाच लांब. पण त्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता बंगल्याच्या माळ्यापाशी जाऊन वेलीची एक काडी मागितली. वर, ती कशी सांभाळायची ते लेखी मागितलं. माळ्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून बंगल्याच्या मुन्शीने लिहून दिलं: रोप घरात ठेवावे, उन्हात काढू नये, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालावे, दर आठ दिवसांनी शेणखत द्यावे. आणि मुन्शीच तो, हाताच्या सवयीनं खाली लिहून मोकळा झाला, 'ता हुक्मे सानी'. दुसरा हुकूम होईपर्यंत.

मी जालन्याला त्यांना उतरून घ्यायला गेलो होतो. बैलगाडीच्या तट्ट्याला दाजींनी चादर बांधून पडदा केला, आत ती तीन पानांची काडी ठेवली, आणि अक्का मागच्या तोंडाशी उन्हात पाय सोडून बसली. नाक्यावरच्या शिपायाने पडदा पाहून अदबीने तोंड फिरवलं. "जनाना है, जाने दो," म्हणाला. दाजींना ते खपलं नाही. त्यांनी खाली उतरून पडदा वर केला आणि काडी दाखवली. शिपायाने काडीकडे पाहिलं, मग घामाने निथळणाऱ्या अक्काकडे पाहिलं, आणि सलाम केला तो अक्काला.

काडी घासलेटच्या कापलेल्या डब्यात लागली आणि आमच्या तीन खणांच्या घरात वेलीचा अंमल सुरू झाला. पाणी घालायचे दाजी, पण आडावरून ओढून आणायचं मी. खताची पाटीही माझ्याच डोक्यावर. खिडकीच्या गजांवरून ती वलणीवर गेली, वलणीवरून तुळयांवर, तिथून उतरून माझ्या खुंटीवर. एका सकाळी माझ्या कोटाच्या काजात तिने असे वेटोळे घातले की सोडवता सोडवता शाळेची घंटा झाली. तोडायची सोय नव्हती. कागदात तोडण्याविषयी काही नव्हतं. माळवदाला उजेडासाठी एक सवणं होतं, चांगलं हातभर रुंद. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा खाली यायचा आणि वेल जीव खाऊन तिकडे धावायची. दाजींनी सवण्यावर परात पालथी घातली. तेव्हापासून आमच्या घरात भर दुपारी चिमणी जळू लागली, आणि अक्का त्या उजेडात ज्वारी निवडू लागली. पानं मात्र अशी माजली की काय सांगू! फूल एक नाही.

तलवाड्याची रखमाई आठवड्याच्या बाजाराला भाजी घेऊन यायची, तिला हे बघवेना. "दाजीसायब, उन्हाबिगर कुटं फूल येतंय व्हय? लई खाऊ घातलंय तुमी तिला, पानावर गेलीया. जरा उपाशी ठिवा, ऊन दावा."

"दाखवू की. हुकूम आला की दाखवू."

"कुणाचा हुकूम?"

"हैदराबादच्या माळ्याचा."

"आन् त्यो माळी मेला असंल तर?"

"तर त्याच्या जागी दुसरा आला असंल," दाजी म्हणाले. "जागा रिकामी न्हाई ठेवत सरकार."

रखमाईने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं, म्हणजे परातीकडे.

दाजी नुसते वाट पाहत बसले होते असंही नाही. दर दसऱ्याला ते त्या बंगल्याच्या पत्त्यावर सुरेख अक्षरात स्मरणपत्र धाडीत. अंमलदाराची बदली कधीच झाली होती म्हणे. उत्तर कुठून येणार? मुन्शीचा कागद भिंतीवर देवांच्या शेजारी, पिवळा पडत चाललेला. मी वाद घालून घालून थकलो. आठ वर्षं तेच ते. दुष्काळातसुद्धा वेलीचा तांब्या चुकला नाही, माझी अंघोळ चुकली.

मग अक्काचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी सुई ओवताना मला हाक मारू लागली, मग ज्वारीतले खडे बोटांनी चाचपून काढू लागली. बीडच्या हकिमाने पापण्या उघडून पाहिल्या आणि म्हणाला, वर्षभर कसंबसं दिसेल, पुढचं अल्लाच्या हाती. घरी आल्यावर दाजींनी सवण्यावरची परात काढली. थोडा वेळ खाली आलेल्या कवडशाकडे बघत राहिले, भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, आणि परात पुन्हा घातली. मला त्या क्षणी त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त चीड आली.

पुढे होळीच्या सुमारास अक्का मला म्हणाली, "भाऊ, त्ये हैदराबादचं फूल निळं व्हतं का जांभळं रे? मला आता नीट आठवंना. डोळं हायेत तवर एकडाव बघायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांना पाढे लिहायला बसवून मी खोटेपणा केला. जाड कागद घेतला, बोरू वेगळा तासला, अक्षर वळवून उर्दूत लिहिलं: वेल अंगणात उन्हात न्यावी, पाणी एक दिवसाआड, खत बंद, पहिला हुकूम रद्द. खाली एक न लागणारी सही. जालन्याहून आलेल्या वाटसरूने दिला असं सांगून तो दाजींच्या हातात ठेवला.

तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं उतरवलेला माणूस तो. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मुन्शी बदलला वाटतं," ते म्हणाले. "बरं झालं. चला मास्तर, तुळयांवरची सुतळी सोडा."

आठ वर्षांची गुंतागुंत सोडवायला दोन दिवस लागले. माझी मान आखडली ती कायमची. वेल अंगणात आली आणि उन्हाने पंधरा दिवसांत करपली. पानं गळाली, नुसत्या दोऱ्या उरल्या. मी मनातून पार खचलो. आंधळी होत चाललेल्या बहिणीच्या वेलीचा खून आपल्या हातून झाला असं वाटायचं. दाजी रोज तहसिलीतून आले की वेलीशेजारी बसायचे, मांडीवर मिटलेली छत्री. ती त्यांनी एकदाही उघडली नाही.

आषाढात वेलीला डोळे फुटले. श्रावणात कळी आली. पण तोवर अक्काला दार कुठे आणि भिंत कुठे एवढंच कळत होतं. एका सकाळी कळी उमलली आणि मी ओट्यावरून पाहिलं. फूल पांढरं होतं. पांढरं, कडेला जरासं गुलाबी. माळ्याने भलत्याच वेलीची काडी दिली होती. आठ वर्षं आम्ही भलत्याच वेलीला पाणी घातलं.

दाजींनी वाकून फूल जवळून पाहिलं. मग आत गेले आणि अक्काला हाताला धरून घेऊन आले. त्यांनी तिचा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता. तिची बोटं त्यांनी फुलावर ठेवली. "हे कौरव," ते म्हणाले. "हे मधले पाच पांडव. मोज."

तिने हळूहळू मोजले. पाच भरले. तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. "आन् रंग वो?"

पाच पायांच्या बैलाचा चौथ्या पायावर हिशेब न संपवणारे आमचे दाजी क्षणभरही थांबले नाहीत. "निळा," ते म्हणाले. "तू हैदराबादला पाहिला व्हता तोच. असल मुताबिक."

अक्काला आत बसवून ते बाहेर आले आणि माझ्या शेजारी टेकले.

"मास्तर," ते वेलीकडे बघत म्हणाले, "आपल्या घरात दोन नकला खोट्या झाल्या. एक तुमची, एक माझी. आता कुणी तपासायला न्हाई आलं म्हंजे मिळवली."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. डबा केव्हाच गंजून फुटला, मुळं अंगणात उतरली, आणि आता मला पाणी ओढायचं कारण उरलेलं नाही. तरी सकाळी आडाकडे पाय वळतातच. श्रावण लागला की वेल पांढरी होऊन जाते. अक्का दारात येऊन बसते आणि विचारते, "भाऊ, आज किती उमलली रे?" मी मोजून सांगतो. निळा हा शब्द मी तोंडात तयार ठेवलेला असतो. पण एवढ्या वर्षांत तिने रंग पुन्हा एकदाही विचारला नाही.