वार लावलेली लेक

शनिवार-रविवार लेक माझ्याकडे असते, बाकीचे दिवस तिच्या आईकडे. रविवारी संध्याकाळी पेट्रोलपंपापाशी आम्हा दोघांच्या स्कूटर अंतर राखून उभ्या राहतात आणि मधला रस्ता ती एकटी चालते.

काल अर्ध्यावर तिच्या पिशवीचा बंद तुटला. कंपासपेटी उघडून रंगीत पेन्सिली उतारावर घरंगळल्या. मी उतरलो नाही, माझा वार संपला होता. तिची आईही उतरली नाही, तिचा अजून सुरू व्हायचा होता. दिवाळी, गणपती, मे महिन्याची सुट्टी, सगळं आम्ही वकिलांसमोर भांडून वाटून घेतलंय. हा रस्ता तेवढा कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

माझे आजोबा वार लावून जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. म्हणायचे, "पोट भरायचं रे, पण दुसऱ्यांदा भात मागायला जीभ रेटायची नाही." ते निदान परक्यांच्या घरी जेवत होते.

लेकीनं वाकून एकेक पेन्सिल गोळा केली. माझ्याकडे वळून ओरडली, "सॉरी बाबा, उशीर झाला!" मग बंद तुटलेली पिशवी पोटाशी धरून पुढे गेली आणि आईलाही सॉरी म्हणाली.

आम्ही दोघांनीही मोठ्या मनानं म्हटलं, "असू दे."