आचाऱ्याचं अळणी व्रत

कळंबच्या हौशीराम आचाऱ्याला बायकोचा सल्ला तीस वर्षांत कधी पटला नाही. पण मोबाईलमधल्या एका उघड्याबंब पहिलवानाचा सल्ला तीस सेकंदांत पटला.

तसा हौशीराम लेचापेचा गडी नव्हता. त्याच्या मासवड्या आणि तर्रीदार रस्सा, नाव पार ओतूरपर्यंत. त्याच्या पंगतीत मीठ वाढणारा नुसता मिरवायचा. पानातल्या मिठाला कुणी बोट लावत नसे. पण अलीकडे पोट सुटलं, दम लागू लागला. गावातले डॉक्टर म्हणाले, "पापड-लोणचं जरा कमी करा, रोज चाला." आता यात काय राम? पहिलवान कसा डोळ्यांत डोळे घालून सांगायचा, "जिवाभावाच्या माणसांनो, मीठ म्हणजे पांढरं विष! भाकरी म्हणजे पोटातला चिखल! एकवीस दिवस दोन्ही सोडा, दुधीचा रस प्या. डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांची दुकानं बंद पडतील!" मग तो स्वतःच्या दुकानातली हिरवी पावडर दाखवायचा, पण तिकडे हौशीरामाचं लक्षच नव्हतं. उभ्या जन्मात त्याला इतक्या मायेनं कुणी हाक मारली नव्हती.

झालं, व्रत सुरू झालं. त्याची बायको लंकाबाई आठवड्यातच कावली.

"अवो, तोंड बगा आरशात. पार उतरून गेलंय."

"विष बाहेर पडतंय," पोटरीत आलेला गोळा चोळत हौशीराम म्हणायचा.

अठराव्या दिवशी गावातल्या बहिरूच्या पोरीचा, मोहिनीचा, साखरपुडा होता आणि स्वयंपाक हौशीरामाकडे होता. मंचरचा एक केटरर लग्नाच्या जेवणासाठी बहिरूच्या मागे हात धुऊन लागला होता. आजचं जेवण जमलं तर लग्न हौशीरामाचं, नाहीतर त्या केटररचं.

हौशीरामाच्या चुलीवर एक कायदा होता: मीठ एकाच हाताचं. दुसऱ्या हाताचं मीठ पडलं की भांडं बिघडतं, म्हणून बाकी कुणी चवही घ्यायची नाही. त्यानं रश्शात नेहमीच्या निम्मं मीठ टाकलं, तळहातावर थेंब घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ बगितलं का नीट?" मासवड्या कापत लंकाबाईनं विचारलं.

"तोंड खारट झालं, एवढं हाय!"

पहिली पंगत बसली. दोन घास झाले असतील नसतील, तोच कोपऱ्यातून आवाज आला, "मीठ आण रं इकडं!" मग या रांगेतून, त्या रांगेतून. मीठ वाढणाऱ्याची नुसती तारांबळ उडाली. पाव्हण्यांसमोर बहिरूचं तोंड एवढंसं झालं. हौशीरामानं धावत जाऊन रस्सा पुन्हा चाखला. त्याला तो खारटच लागला.

"आता तरी ऐका," लंकाबाई हळूच म्हणाली. "अठरा दिस मिठाला शिवला नाय तुमी. जिभेला चिमूटभरबी लई वाटतंय. रस्सा अळणी हाय."

हौशीरामाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यानं मिठाचा डबा उचलला आणि बायकोपुढे धरला. तिनं मूठ भरून टाकली, मग आणखी एक.

दुसऱ्या पंगतीत कुणी मीठ मागितलं नाही. रस्सा भुरकण्याचे आवाज तेवढे येत होते. हौशीरामाला आनंद व्हायला हवा होता; त्याला वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं.

शेवटच्या पंगतीत आचारी जेवतात. त्याला रस्सा भयंकर खारट लागला, तरी दीड भाकरी कुस्करून त्यानं ओरपला, तेव्हा कुठे डोळ्यांपुढची अंधारी गेली. एवढ्यात बहिरू पानसुपारी घेऊन आला.

"हौशीभाऊ, लग्नाचं जेवण तुमच्याकडंच बरं का."

हौशीरामाची मान ताठ झाली.

"फकस्त एक इनंती व्हती," बहिरू कान खाजवत म्हणाला. "मीठ तेवढं वैनींनी टाकावं."

हौशीरामानं खाली मान घालून होकार दिला. लंकाबाई हसली नाही. तिनं त्याच्या पानात आणखी अर्धी भाकरी टाकली आणि म्हणाली, "खावा निवांत."