क्वेकच्या घरची वाटाघाट

आमच्या मजल्यावरचा क्वेक बून सियांग जन्मभर सरकारी टेबलावर बसून देशोदेशींशी खुल्या व्यापाराचे करार करत होता. ऐकायला भारी वाटतं, पण त्याची पंचाईत मला, शेजारणीला, पक्की ठाऊक. करारात प्रत्येकाने आपली जकात कमी करायची असते. आमच्या सिंगापुरात जकातच नाही, तर कमी काय करणार? बिअर आणि कडक दारू, एवढ्यावर काय ती थोडी. म्हणून क्वेक मोठ्या मनाचा आव आणून बिअरवरची जकात सोडायचा आणि मोबदल्यात समोरच्याकडून हव्या त्या गोष्टी उकळायचा. 'नाही' कधी म्हणायचा नाही. 'हा मुद्दा जरा बाजूला ठेवू' म्हणायचा. बायकोने, गेक चूने, नवा पंखा मागितला तरी तेच उत्तर.

तो निवृत्त झाला आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, पेई शानचं, लग्न ठरलं. फूंगांचा डेसमंड मुलगा चांगला, पण नोकरी न्यूझीलंडला. पोरीनेही तिकडेच काम मिळवलं. क्वेकला ते सोसेना. लग्नाआधी रीतीच्या भेटवस्तू घेऊन मुलाची आई येईल तेव्हाच पोरीला आणि जावयाला इथे, आमच्या तोआ पायोह वस्तीत, ठेवून घ्यायचं कबूल करून घ्यायचं त्याने ठरवलं.

"बघच तू," मला म्हणाला, "चहा संपायच्या आत कबूल करून घेतो."

मिसेस फूंग आल्या, बरोबर डेसमंड. मी मदतीला क्वेककडेच होते. मासळी बाजारात हयात गेलेली बाई, आवाज खणखणीत. त्यांनी लाल कापडावर संत्री, ब्रँडीच्या बाटल्या, सोन्याची साखळी मांडली. फळं-बाटल्यांतला अर्धा वाटा रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी परत केला की सगळं मान्य झालं. क्वेकने संत्र्यांना हातच लावला नाही. घसा खाकरून म्हणाला, "आधी मुलांच्या राहण्याचा मुद्दा घेऊ."

"पपा," पेई शान म्हणाली, "आपल्या माणसांना तिकडे सहज कामाला जाता यावं म्हणून करारात तुम्हीच भांडलात ना? रोज जेवताना तेच ऐकवायचात. मग आम्ही जातोय तर?"

"ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी होतं," क्वेक म्हणाला.

मी हसले. गेक चू मात्र चहाचं निमित्त करून आत गेली.

"अहो क्वेक, घासाघीस करताय कोणाशी?" मिसेस फूंग म्हणाल्या. "मलाही हा एकच आहे, आणि हाही चाललाय. मी तुम्हाला काय देणार?"

मला क्वेकचं खरंच वाईट वाटलं. मग तो उठला, आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून गेला आणि मिसेस फूंगांच्या शेजारी ती ठेवून बसला. आता दोघांचीही तोंडं मुलांकडे.

"बोला," तो मुलांना म्हणाला, "तुम्ही आम्हा दोघांना काय देताय?"

सगळी उत्तरं तयार ठेवून आलेली पेई शान रडायलाच लागली.